परतीचा प्रवास

जुलै संपत आला की आमच्या सोसायटीत एखाद्या तरी घरी बॅगा वजनकाट्यावर चढवण्याची गडबड सुरू होते. मुलगा किंवा मुलगी शिकायला परदेशी निघालेली असते. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, लोणचं, आणि मग वजन जास्त झालं म्हणून पुन्हा काही बाहेर काढणं. आईवडिलांना एकच घोर लागलेला असतो, तिथे पोर रुळेल ना? अशा वेळी मला एका विद्यार्थ्याची आठवण होते. तो तिकडे उत्तम रुळला. परत आल्यावर त्याच्या स्वतःच्या देशाने मात्र त्याला रुळू दिलं नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर माझ्या घरी तसबिरीतून आले नाहीत. मला ते भेटले बँकेच्या नोकरीत, रुपयामुळे. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध वाचताना मनात आलं, की हा माणूस विद्यार्थी म्हणून कसा राहिला असेल? काय खात असेल, कुठे झोपत असेल? त्या कुतूहलाने मी त्यांची चरित्रं वाचू लागलो.

साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचं. शिपाई नसला तर तहानलेलंच राहायचं. असा मुलगा 1912 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत वडील गेले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट अशी, की शिक्षण संपल्यावर संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची. जुलै 1913 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, भीमराव न्यूयॉर्कला पोचले.

पहिले काही दिवस कोणाही विद्यार्थ्याचे जातात तसेच गेले. वसतिगृहातलं जेवण घशाखाली उतरेना, म्हणून जागा बदलली. पुढे नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले आणि ती मैत्री जन्मभराची झाली. थोडे दिवस नव्या शहराच्या मौजेत गेल्यावर त्यांनी स्वतःला आवरलं आणि कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठाण मांडलं. सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र, जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान. पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे 2000 पुस्तकं जमवली. 1915 साली एम. ए. झाले, आणि मे 1916 मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात ही गोष्ट एखाद्या अभ्यासविषयासारखी टेबलावर ठेवून तपासता येते, हे तिथे त्यांनी करून दाखवलं.

अमेरिका म्हणजे तेव्हा स्वर्ग होता असं नव्हे. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला काय येत होतं, हे सर्वांना ठाऊक आहे. पण या विद्यार्थ्याला कोणी जात विचारली नाही. एका टेबलावर जेवण, एका नळाचं पाणी. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षं आणि लंडनमध्ये एक, एवढ्या काळात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली. हे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे. मला वाटतं, त्यांनी परदेशातून आणलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच होती.

1917 साली शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. वेगळ्या बोटीने पाठवलेलं सामान पुस्तकांसह समुद्रात बुडालं. कराराप्रमाणे ते सप्टेंबरात बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून वरच्या मजल्यावर खोली घेतली. रात्री एक कंदील, सोबतीला कोणी नाही. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात उभी राहिली आणि संध्याकाळच्या आत खोली सोडायला सांगितली. दोन मित्रांकडे विचारणा केली, दोघांनीही सबब सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. दुपारी चारपासूनचा तो वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला.

कादंबरी लिहिताना मी कितीतरी प्रसंग रचले, पण त्या बागेतले पाच तास मला रचता आले नसते. अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठाचा एम. ए., शेजारी सामान, आणि अख्ख्या शहरात पाठ टेकायला जागा नाही. साताऱ्याच्या शाळेत त्या मुलाला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. आता ठाऊक झालं होतं. म्हणूनच ते दुःख अधिक खोल गेलं. ती आठवण आली की डोळे भरून येतात, असं त्यांनी पुढे लिहिलं.

पण ते मोडले नाहीत. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली. भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. एका पारशी धर्मशाळेने बाहेर काढलं, तर एका पारशी मित्राने पुन्हा लंडनची वाट मोकळी करून दिली. माणसांना सरसकट एका मापाने मोजू नये, ते यासाठीच. इकडे मुंबईच्या चाळीत रमाबाई काटकसरीने संसार ओढत होत्या. पदव्यांच्या यादीत त्यांचं नाव कुठे येत नाही, पण तो खर्च त्यांनीही भरला. 1922 साली ते बॅरिस्टर झाले, 1923 साली रुपयावरच्या प्रबंधाला डी. एस्सी. मिळाली. 1952 साली कोलंबियाने आपल्या या विद्यार्थ्याला सन्मानाची डॉक्टरेट दिली, तेव्हा तो विद्यार्थी आपल्या देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार म्हणून तिथे गेला होता.

परवा सोसायटीतला एक मुलगा निरोप घ्यायला आला. त्याच्या आईने नेहमीचाच प्रश्न विचारला, हा तिथे रुळेल ना? मी म्हटलं, रुळेल हो, पोरं रुळतात. मनात मात्र दुसरंच होतं. आजही भाड्याने घर देताना नाव सांगून झालं की आडनाव विचारलं जातं, आणि आडनावानंतर कधी कधी जागा आधीच दिलेली निघते. आपली मुलं बाहेर जाऊन मोकळ्या हवेत श्वास घ्यायला शिकतील. ती परत येतील तेव्हा घराच्या खिडक्या उघड्या ठेवणं, हे मात्र मागे राहिलेल्या आपल्यासारख्यांचं काम आहे.