ज्युलिओ कासेरी

ज्युलिओ चेझारे कासेरी (लॅटिन नाव: कासेरियस, जन्म: पियाचेंझा, इ.स. १५५२ च्या सुमारास – मृत्यू: पादुआ, ८ मार्च, इ.स. १६१६) हे इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ व शल्यचिकित्सक होते. स्वरयंत्र आणि कर्ण या अवयवांच्या सचित्र वर्णनासाठी ते ओळखले जातात. काही ग्रंथांत त्यांचे जन्मवर्ष १५६१ असे दिलेले आढळते.

जीवन

कासेरी यांचा जन्म गरीब कुटुंबात झाला. पादुआ येथे ते आले ते विद्यार्थी म्हणून नव्हे, तर नोकर म्हणून. पुढे विख्यात शरीररचनाशास्त्रज्ञ जिरोलामो फाब्रिझी (फाब्रिसियस) यांच्या घरी ते कामाला राहिले. विच्छेदनाची तयारी करता करता त्यांनी ती विद्या आत्मसात केली आणि पादुआ विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळवली.

इ.स. १५९५ मध्ये फाब्रिसियस आजारी असताना त्यांच्या जागी कासेरी यांनी विच्छेदनाचे पाठ दिले. ते विद्यार्थ्यांना आवडले, आणि तेथूनच गुरुशिष्यांत वितुष्ट आले. कासेरी खाजगी रीतीने विच्छेदन शिकवीत राहिले. १६०९ मध्ये त्यांना शल्यचिकित्सेचे अध्यापनपद मिळाले खरे. परंतु एकेकाळच्या मालकाची सावली त्यांच्यावरून पूर्णपणे कधीच हटली नाही. वयाने बरेच मोठे असलेले फाब्रिसियस त्यांच्यानंतर तीन वर्षे जगले.

स्वरयंत्रावरील कार्य

स्वर आणि श्रवण यांच्या इंद्रियांवरील कासेरी यांचा लॅटिन ग्रंथ १६००–१६०१ मध्ये फेरारा येथे छापला गेला. याच सुमारास, १६०० मध्ये, फाब्रिसियस यांचाही दृष्टी, स्वर व श्रवण यांवरील ग्रंथ व्हेनिसमध्ये निघाला. दोघांची स्पर्धा येथे उघड दिसते. कासेरी यांनी योसेफ मौरर या चित्रकाराला आपल्या घरी ठेवून ताम्रपट तयार करवून घेतले. त्यांत माणसाच्या स्वरयंत्राबरोबरच माकड, कुत्रा, मांजर, घोडा, डुक्कर अशा प्राण्यांची स्वरयंत्रे शेजारी शेजारी मांडलेली आहेत. बेडूक आणि आवाज करणारे कीटकही त्यातून सुटले नाहीत. स्वरयंत्राचे स्नायू इतके लहान असतात की केवळ शब्दांनी ते डोळ्यांपुढे उभे राहणे कठीण. म्हणून या ग्रंथात चित्रांचे मोल मजकुराहून कमी नाही. श्वासनलिकेला छेद देण्याच्या शस्त्रक्रियेचेही त्यात सचित्र वर्णन असून, छेदात बसविण्यासाठी छिद्रे असलेली वाकडी चांदीची नळी सुचविली आहे.

हे स्नायू तसे का रचलेले आहेत, याचा उलगडा पुढे भ्रूणविज्ञानाने केला. भ्रूणाच्या घशाच्या भागात चापाकार उंचवटे तयार होतात. स्वरतंतू ताणणारा क्रिकोथायरॉइड स्नायू चौथ्या चापापासून बनतो, म्हणून त्याला स्वरयंत्राच्या वरच्या चेतातंतूची शाखा मिळते. स्वरयंत्राचे बाकीचे अंतःस्थ स्नायू सहाव्या चापापासून बनतात व त्यांना परावर्ती चेतातंतू मिळतो. हृदय भ्रूणात मानेकडून छातीत उतरताना हा चेतातंतू मोठ्या रोहिण्यांखाली अडकून खाली ओढला जातो. त्यामुळे डावीकडे तो महारोहिणीला वळसा घालून पुन्हा वर येतो. प्रौढ शरीराच्या विच्छेदनातून हा वळसा दिसतो, कारण दिसत नाही.

उत्तरकार्य व प्रकाशन

पंचेंद्रियांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १६०९ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झाला. संपूर्ण मानवी शरीराचा चित्रसंग्रह तयार करण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. ते पुरे होण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला. या संग्रहासाठीची रेखाटने ओदोआर्दो फियालेत्ती यांची, तर कोरीवकाम फ्रान्चेस्को व्हालेझिओ यांचे होते. मृत्यूनंतर हे ताम्रपट इतरांच्या हाती गेले. त्यांपैकी काही १६२६ मध्ये आद्रिआन स्पिगेलियस यांच्या गर्भविषयक ग्रंथात छापले गेले. उभ्या स्त्रीच्या उदराच्या फुलासारख्या उमललेल्या पाकळ्यांत गर्भ दाखविणारे प्रसिद्ध चित्र त्यांतलेच. उरलेले १६२७ मध्ये डॅनिएल बुक्रेटियस याने प्रसिद्ध केले व त्यांत वीसएक नव्या चित्रांची भर घातली. स्पिगेलियस यांच्या ग्रंथाशी जोडले गेल्यामुळे ही चित्रे बरेचदा त्यांचीच समजली गेली. दंडातील कोरॅकोब्रॅकिॲलिस स्नायू भेदून जाणाऱ्या चेतातंतूला जुन्या ग्रंथांत कासेरियसचे नाव दिलेले आहे.