बालवीरांचे आद्य गुरू

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात हिंगणी नावाचे गाव आहे. गावापासून थोड्या अंतरावर बोर नदीवरील धरण आणि त्याला लागून सागाचे व बांबूचे दाट रान पसरलेले आहे. पौषातल्या पहाटे या रानाकडून येणारा वारा अंगाला झोंबतो, गवतावर दव साचते आणि शेतात जागलीला गेलेला शेतकरी शेकोटीजवळून हलत नाही. अशा दिवसांत दोन रात्री राहुटीत काढावयाच्या म्हटल्या, तर अंगाखाली काय अंथरावे, विस्तव कोठे पेटवावा, पाण्यात कोणी व केव्हा उतरावे, हे आधी ठरवावे लागते. गळ्याला रुमाल बांधून शिबिराला निघालेली मुले आणि त्यांच्या सोबतीला आलेले आईबाप हे नियम पाळतात, तेव्हा त्यांपैकी पुष्कळसे नियम एका इंग्रज सेनाधिकाऱ्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिले आहेत, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. त्या सेनाधिकाऱ्याचे नाव रॉबर्ट बेडन-पॉवेल.

२२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन शहरी त्यांचा जन्म झाला. वडील ऑक्सफर्डच्या विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक होते. परंतु रॉबर्ट तीन वर्षांचा असतानाच ते निवर्तले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. आईने मुलांना धाकात कोंडून ठेवले नाही. सुट्टी लागली की थोरल्या भावाबरोबर नावेतून दूरवर जावे, किनाऱ्यावर रात्र काढावी, आपले अन्न आपण शिजवावे, असा या भावंडांचा क्रम असे. चार्टरहाउस नावाच्या ज्या शाळेत रॉबर्ट शिकत होता, तिच्यामागे एक झाडी होती. तेथे जाण्यास विद्यार्थ्यांना मनाई होती. तरी हा मुलगा तेथे जाई, ससे पकडी आणि धूर दिसून शिक्षकांना सुगावा लागू नये म्हणून अगदी इवल्याशा विस्तवावर ते भाजून खाई. ज्याने पुढे लक्षावधी मुलांना नियम शिकविले, त्याचा पहिला धडा असा नियम मोडूनच झाला, ही मौजेची गोष्ट खरी. पण लहान विस्तव कसा राखावा, हे त्याला तेथेच कळले.

अभ्यासात त्यांची फारशी चमक नव्हती व ऑक्सफर्डला त्यांना प्रवेश मिळाला नाही. सैन्याच्या परीक्षेत मात्र ते वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि १८७६ मध्ये घोडदळातील अधिकारी म्हणून हिंदुस्थानात लखनौ येथे दाखल झाले. माग काढणे, खाणाखुणा ओळखणे, नकाशा रेखाटणे या विद्येची त्यांना आधीपासून गोडी होती. ती येथे वाढली. आपल्या शिपायांना ते लहानलहान तुकड्यांत वाटून हेच शिकवीत. पुढे १८९६ मध्ये आफ्रिकेतील माटोपोच्या डोंगरात, कडाक्याच्या थंडीच्या रात्री, त्यांना एकट्याने टेहळणी करावी लागे. त्या वेळी रबरी तळव्यांचे जोडे घालून ते खडकांतून आवाज न करता फिरत.

त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंगच्या वेढ्यामुळे. १८९९ च्या ऑक्टोबरपासून १९०० च्या मेपर्यंत, २१७ दिवस, त्यांनी ते गाव बोअर सैन्यापासून राखले. मोठी माणसे तटावर गुंतलेली असल्यामुळे निरोप पोहोचविण्याचे काम तेथील मुलांच्या एका पथकाकडे देण्यात आले. गुडइयर नावाचा सुमारे तेरा वर्षांचा मुलगा त्यांचा नायक होता. आधी गाढवांवर आणि पुढे सायकलींवर बसून ही मुले तोफगोळ्यांच्या माऱ्यातून जात येत. मुलांवर विश्वास टाकला तर ती तो सार्थ करतात, हे बेडन-पॉवेल यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. या विजयाला एक काळी बाजूही आहे. वेढ्यात अन्न तुटपुंजे झाले तेव्हा गोऱ्यांच्या मानाने आफ्रिकी रहिवाशांच्या वाट्याला फारच थोडे आले आणि त्यांतील कित्येक जण उपासमारीने मेले. इंग्लंडात विजयाचा जल्लोष झाला. या मृतांची आठवण तेव्हा कोणी काढली नाही.

टेहळणीवरील त्यांचे एक छोटे पुस्तक वेढ्याच्या काळातच छापले गेले होते. ते लिहिले होते शिपायांसाठी. परंतु स्वदेशी परतल्यावर त्यांना असे दिसले की, शाळांतील मुले व शिक्षकच ते आवडीने वाचीत आहेत. तेव्हा युद्धाचा भाग वगळून मुलांसाठी निराळी योजना आखावी, असे त्यांच्या मनाने घेतले. मात्र कागदावर लिहिलेली योजना त्यांनी लगेच जगापुढे ठेवली नाही. आधी ती करून पाहिली.

१९०७ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर त्यांनी वीस मुले नेली. काही मुले श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील होती, तर काही जवळच्या गावांतील साध्या कुटुंबांतील. त्या काळच्या इंग्लंडात अशी मुले एका पंक्तीला बसणे ही सामान्य गोष्ट नव्हती. त्यांचा स्वतःचा नऊ वर्षांचा पुतण्याही किरकोळ कामांसाठी बरोबर होता. लांडगा, कावळा, बैल व कुरव या नावांचे चार संघ केले, प्रत्येक संघाला एक नायक दिला आणि संघातील मुलांची जबाबदारी त्या नायकावरच सोपविली. पहाटे आफ्रिकी हरणाच्या शिंगाचा तुतारीसारखा आवाज होई आणि शिबिर जागे होई.

या शिबिरातील बारीकसारीक व्यवस्था पाहिली म्हणजे त्यांच्या दक्षतेची कल्पना येते. दुपारच्या जेवणानंतर काही वेळ प्रत्येकाने मुकाट्याने पडून राहावयाचे, हा नियम होता; कारण दमलेले मूल अधिक चुका करते. मुले समुद्रात स्नानाला उतरत तेव्हा उत्तम पोहणारी दोन मुले नावेत पहाऱ्यावर बसत. त्यांनी अंगावरचे कपडे उतरवून फक्त मोठा कोट पांघरलेला असे, म्हणजे कोणी गटांगळ्या खाऊ लागताच कोट टाकून उडी घेता यावी. इतरांचे स्नान आटोपल्याशिवाय या दोघांना पाण्यात खेळण्याची परवानगी नसे. रात्री पाळीपाळीने एकेक संघ पीठ, मांस, बटाटे आणि घोंगड्या घेऊन दूर मुक्कामाला जाई, स्वतः रांधी व पहारा ठेवी. बेडन-पॉवेल अंधारात लपतछपत त्यांच्यावर चाल करून जात. एकदा तर पहाऱ्यावरच्या मुलाने त्यांनाच पकडले!

१९०८ मध्ये मुलांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक पाक्षिक भागांच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागले आणि बालवीरांची पथके गावोगावी आपोआप उभी राहिली. थंडीत उघड्यावर निजण्यासंबंधी या पुस्तकात सांगितलेली गोष्ट हिंगणीच्या शिबिरातही तितकीच खरी ठरते. नवखा मुलगा सगळी पांघरुणे अंगावर घेतो आणि तरीही कुडकुडतो. कारण गार जमीन खालून अंगातील ऊब शोषून घेत असते. म्हणून जितके अंगावर तितकेच अंगाखालीही हवे. घोंगडी कमी असेल तर कोरडे गवत, तणस किंवा कडबा पसरावा. सदऱ्यावरील बंडीच्या आत कागद घातला तरी वाऱ्यापासून बचाव होतो. विस्तव पेटविण्यापूर्वी सभोवारचे वाळलेले गवत काढून टाकावे आणि निघताना तो पुरता विझवावा, हाही त्यांचाच आग्रह. आजच्या शिबिरांत याला आणखी एका नियमाची जोड मिळाली आहे: निखाऱ्यांची शेगडी राहुटीत मुळीच नेऊ नये. कोंडलेल्या जागी निखाऱ्यांतून जो वायू निघतो त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणसाचा प्राण जातो. बोरचे रान तर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही.

नियम असले म्हणजे संकट टळतेच असे नाही. ४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनच्या वॉलवर्थ भागातील बालवीर शिबिरासाठी नावेने लेसडाउनच्या किनाऱ्याकडे चालले होते. किनारा दृष्टिपथात आला असता अकस्मात सोसाट्याचा वारा सुटला, नाव उलटली आणि नऊ मुले बुडाली. सोबतच्या शिक्षकाने पाण्यात धडपडून काहींना वाचविले. सारे इंग्लंड हळहळले. चळवळीला तेव्हा पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. आईबापांनी आपली मुले या चळवळीच्या हाती दिली होती, आणि त्यांपैकी नऊ घरी परत आली नाहीत. हौस आणि धैर्य यांवर शिबिर चालत नाही. मुलांना नेणाऱ्या मोठ्यांनाही शिकविले पाहिजे, ही गरज वाढत्या चळवळीत अधिकाधिक भासू लागली. १९१९ मध्ये लंडनजवळ गिलवेल पार्क येथे शिक्षकांसाठी शिबिर सुरू झाले. तेथे प्रौढ माणसे मुलांप्रमाणेच संघांत राहून राहुटी उभारणे, रांधणे आणि झाडलोट करणे शिकत.

१९१२ च्या ऑक्टोबरात त्यांचा विवाह झाला. पत्नी ओलेव्ह यांना राहुटीतील जीवनाचा अनुभव नव्हता. तरी १९१३ च्या प्रारंभी उभयतांनी अल्जीरियात रानावनांत मुक्काम करीत प्रवास केला. पुढे ओलेव्ह यांनी वीरबालांच्या चळवळीचे नेतृत्व केले. ही चळवळ १९१० मध्ये बेडन-पॉवेल यांच्या भगिनी अ‍ॅग्नेस यांच्या साहाय्याने उभी राहिली होती. इंग्लंडातील आपल्या घरी बेडन-पॉवेल थंडीच्या दिवसांतही उघड्या सज्जात निजत.

हिंदुस्थानशी त्यांचे नाते मात्र सरळ राहिले नाही. येथील पहिले पथक १९०९ मध्ये बंगळूर येथे निघाले, पण त्यात देशी मुलांना प्रवेश नव्हता. तेव्हा पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची बालवीर संस्था उभारली. मद्रासकडे अ‍ॅनी बेझंट यांनी निराळी संस्था काढली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल येथे आले, तेव्हा बेझंटबाईंची संस्था मूळ संस्थेत मिळाली. सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. १९३७ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या महामेळाव्याला ते पुन्हा आले. त्यानंतर हिंदी लोकांच्या चारित्र्यासंबंधी त्यांनी काढलेले उद्गार वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले आणि देशभर संताप उसळला. जगातील सर्व बालवीर बंधू आहेत असे शिकविणाऱ्याच्या तोंडी ते शोभणारे नव्हते. अनेक हिंदी पथकांनी मूळ संस्था सोडली व १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट संघटना निघाली. हे तुकडे सांधले गेले ते स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकच संस्था झाली तेव्हा. गुरूचे अनुचित बोल हिंदी बालवीरांनी टाकून दिले, पण राहुटी, संघ आणि शेकोटी सोडली नाही.

अखेरच्या दिवसांत बेडन-पॉवेल केनियातील न्येरी या गावी एका छोट्या बंगलीत राहिले. ८ जानेवारी १९४१ रोजी त्यांचे तेथे निधन झाले. केनिया पर्वताच्या दिशेला तोंड असलेल्या त्यांच्या समाधीवर एक वर्तुळ व त्याच्या मध्यभागी एक बिंदू कोरलेला आहे. मागावरच्या बालवीरांच्या सांकेतिक भाषेत त्या खुणेचा अर्थ, मी घरी गेलो आहे, असा होतो. पुढे त्याच बंगलीत हिंदुस्थान सोडून आलेले एक वृद्ध गृहस्थ राहू लागले. कुमाऊंच्या रानातील वाघांचा माग काढणारे जिम कॉर्बेट ते हेच. १९५५ मध्ये त्यांनाही न्येरीच्याच दफनभूमीत विश्रांती मिळाली.