सरकारचा की शेठजींचा? गाडगीळांनी दाखवलेली तिसरी वाट काय होती?

समाजवाद म्हणतो, कारखाना सरकारचा. भांडवलशाही म्हणते, मालकाचा. नागपुरात १९०१ मध्ये जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचं उत्तर होतं : ऊस पिकवणाऱ्यांचा.

पुण्यातील गोखले संस्थेचे हे पहिले संचालक विठ्ठलराव विखे पाटलांसोबत नगर जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. १९७१ मध्ये त्यांचं निधन झालं.

याच वाटेनं पाथर्डी तालुक्यात वृद्धेश्वर कारखाना आला. मात्र मुकादमाकडून उचल घेऊन दरवर्षी गाव सोडणाऱ्या इथल्या ऊसतोड मजुराला कोयता चालवल्याबद्दल मजुरी मिळते, मत नाही. मालकी ऊस पिकवणाऱ्यापर्यंत आली, तोडणाऱ्यापर्यंत नाही.