डॉ. इरावती कर्वे

गुरूविषयीं आदर बाळगणें हा विद्यार्थ्याचा धर्म होय. परंतु गुरूचें मत आणि डोळ्यांपुढील पुरावा यांचा मेळ बसेनासा झाला, म्हणजे विद्यार्थ्यानें काय करावें? हा प्रश्न ज्यांच्यापुढें ऐन तारुण्यांत उभा राहिला व ज्यांनीं त्याचें उत्तर न डगमगतां दिलें, त्या डॉ. इरावती कर्वे यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजीं ब्रह्मदेशांत मिंज्यान येथें झाला. त्यांचे वडील गणेश हरि करमरकर हे तेथें इंजिनियर होते. त्या देशांतील इरावती नदीवरून मुलीचें नांव ठेवण्यांत आलें. सातव्या वर्षीं शिक्षणासाठीं त्यांस पुण्यास हुजूरपागेच्या शाळेंत धाडलें. तेथें रँग्लर परांजपे यांच्या घरीं त्या मुलीप्रमाणें वाढल्या. १९२६ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून त्या बी. ए. झाल्या, व १९२८ सालीं डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा अभ्यास करून त्यांनीं मुंबई विद्यापीठाची एम. ए. ही पदवी मिळविली. त्यांचा विवाह महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकरराव यांच्याशीं झाला. पत्नीनें परदेशीं जाऊन शिकावें हें घरांतील वडीलधाऱ्यांस रुचलें नाहीं. तथापि दिनकरराव पाठीशीं उभे राहिले व इरावतीबाई जर्मनीस गेल्या.

बर्लिन येथील कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेंत प्रोफेसर ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. गोऱ्या युरोपीय लोकांची बुद्धि इतरांहून अधिक तर्कनिष्ठ असते आणि तिची खूण कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकांत सांपडेल, अशी त्यांची समजूत होती. हें काम इरावतीबाईंकडे आलें. त्यांनीं निरनिराळ्या मानवसमूहांच्या १४९ कवट्या काळजीपूर्वक मोजल्या. दोन बाजूंत फरक होता खरा. परंतु तो सर्वच समूहांत आढळला आणि वंशाशीं त्याचा कांहींएक संबंध दिसेना. परक्या देशांत, पदवी ज्यांच्या हातीं त्या गुरूच्या मताविरुद्ध असा निष्कर्ष लिहिणें सोपें नव्हतें. इरावतीबाईंनीं मापें जें सांगत होतीं तेंच लिहिलें, आणि डॉक्टरेट मिळवून १९३० सालीं त्या स्वदेशीं परतल्या. पुढें १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता गेली, फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, आणि वंशश्रेष्ठत्वाच्या त्याच कल्पनेच्या नांवाखालीं लाखों निरपराध माणसांची हत्या झाली. हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या लहानशा प्रबंधाचें मोल कळून येतें.

महिला विद्यापीठांत कांहीं वर्षें रजिस्ट्रारचें काम केल्यावर १९३९ सालीं इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आल्या व तेथेंच त्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें. केवळ ग्रंथांवर विसंबणें त्यांस मान्य नव्हतें. खेड्यापाड्यांत व रानावनांत हिंडून त्यांनीं माणसें मोजलीं, त्यांचीं नातीं व चालीरीती टिपून घेतल्या. १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्यांनीं भारतांतील नातेसंबंधांचा नकाशाच मांडला. उत्तरेकडे मुलगी परक्या गांवीं, अनोळखी घरांत दिली जाते. दक्षिणेंत नात्यांतच विवाह पसंत करतात. महाराष्ट्र हा मधला प्रदेश असून येथें अनेक जातींत मामाची मुलगी करितात, आत्याची मात्र करीत नाहींत, हें त्यांनीं दाखविलें. एका मूळ वर्णाचे तुकडे पडून जाती झाल्या, हें रूढ मतही त्यांनीं नाकारलें. एकाच नांवाखालीं मोडणाऱ्या पोटजाती पुष्कळदां मुळांतच निरनिराळे समूह असतात, असें त्यांचें म्हणणें होतें.

पंढरीच्या वारींत त्या स्वतः चालल्या. एकाच दिंडींत अभंग म्हणत चालणारे ब्राह्मण व मराठे जेवावयास मात्र वेगळे बसतात, हें पाहून त्यांचें मन व्यथित झालें. मराठा बायकांच्या पंक्तीस त्या जेवल्या तेव्हां त्या बायकांचा जिव्हाळा वाढल्याचें त्यांस जाणवलें. कोयना धरणामुळें घरदार गमावलेल्या लोकांची पाहणी करून तिचा वृत्तान्त त्यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केला. ‘परिपूर्ति’, ‘भोंवरा’ या ललितलेखांच्या पुस्तकांनीं आणि महाभारतांतील व्यक्तींस देव न मानतां माणसें म्हणून पारखणाऱ्या ‘युगान्त’नें त्या मराठी घराघरांत पोहोंचल्या. ‘युगान्ता’स साहित्य अकादमीचें पारितोषिक लाभलें. ११ ऑगस्ट १९७० रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें.

शरीराच्या मापांवरून समाजाचा इतिहास उलगडेल ही त्यांची श्रद्धा पुढील अभ्यासकांनीं मान्य केली नाहीं. त्यांत त्यांस कमीपणा नाहीं. बर्लिनमध्यें जी कसोटी त्यांनीं गुरूच्या मतास लाविली, तीच पुढें त्यांच्या मतास लागली. विद्यार्थिमित्रहो, गुरूस वंदन करावें, त्याच्यापासून शिकावें. पण आपल्या हातानें घेतलेलें माप कोणासही खूष करण्यासाठीं बदलूं नये, हाच या चरित्राचा बोध होय.