पोलोच्या मैदानावरच जगाचा निरोप घेणारा राजा : जयपूरचे सवाई मानसिंह

पाबळ (ता. शिरूर) : आपल्याकडे बैलगाड्याच्या घाटात बैलांपुढं घोडी पळते. त्या घोडीवर मांड घालून बसलेलं पोरगं कुठल्या क्लबात शिकलेलं नसतं. शिवाय आपला हा मुलूख भीमथडीच्या तट्टांचा. याच तट्टांवर मराठी फौजा उत्तरेत गेल्या, आणि या भीमथडी घोड्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदही मिळाली. मस्तानीची कबर गावात असल्यामुळं घोड्यावरच्या गोष्टी पाबळकरांना नव्या नाहीत. तरी घोड्यावरचा एक खेळ आपल्या भागाला जवळजवळ माहीतच नाही, तो म्हणजे पोलो. या खेळात भारताला जगात पहिल्या ओळीत नेऊन बसवणाऱ्या माणसाची ही हकीकत आहे. माणूस राजस्थानचा, पण त्याच्या गोष्टीत बडोद्याचे गायकवाड येतात, ग्वाल्हेरचे शिंदे येतात आणि शेवटी आपल्यासारख्या गावातली पोरंही येतात.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. दोन्ही बाजूंना चार-चार घोडेस्वार. हातात लांब काठी, तिला खाली आडवा ठोकळा. धावत्या घोड्यावरून चेंडू मारत समोरच्या दोन खांबांमधून काढायचा, की गोल झाला. मैदान तीनशे यार्ड लांब, म्हणजे सगळं मिळून दहा एकराच्या आसपास रान. साधारण सात मिनिटांचा एक डाव, त्याला चक्कर म्हणतात. एका चक्करमध्येच घोड्याला फेस येतो, म्हणून पुढच्या चक्करला ताजा घोडा लागतो. खेळाडू एक आणि घोडे चार-पाच, असा हा हिशेब आहे. एक बैलजोडी सांभाळताना कडब्याचा भाव बघून आपल्याला घाम फुटतो. तेव्हा हा खेळ राजेरजवाड्यांचा का राहिला, हे वेगळं सांगायला नको.

खेळ मूळचा आपल्याच देशातला, मणिपूरचा. तिथं गावातली साधी माणसं छोट्या तट्टांवर तो खेळायची. इंग्रज मळेवाल्यांनी तो बघितला, 1859 मध्ये आसामातल्या सिलचरला क्लब काढला आणि पुढं छावण्या-छावण्यांतून, पुण्यातसुद्धा, तो पसरला. 1892 मध्ये इंडियन पोलो असोसिएशन स्थापन झाली.

मानसिंह जन्माचे राजपुत्र नव्हते. जयपूर संस्थानात इसरदा नावाचं ठिकाण आहे, तिथल्या ठाकुराचा हा दुसरा मुलगा. नाव मोरमुकुटसिंह. जयपूरचे महाराज माधोसिंह यांना गादीला वारस हवा होता, त्यांनी 1921 मध्ये या पोराला दत्तक घेतलं. पुढच्याच वर्षी महाराज वारले आणि दहा-अकरा वर्षांचं पोर गादीवर बसलं. आईबापाचं घर सुटलं, नाव बदललं, आजूबाजूला नोकर-चाकर आणि इंग्रज अधिकारी. अजमेरच्या मेयो कॉलेजात शिक्षण झालं, नंतर इंग्लंडमध्ये वूलिचच्या लष्करी शाळेत. 1931 मध्ये राज्याचा पूर्ण अधिकार हातात आला.

घोड्याचं वेड लहानपणापासूनच होतं. त्यात पहिलं लग्न झालं जोधपूरच्या राजघराण्यात. जोधपूर म्हणजे त्या काळी पोलोची पंढरीच. तिथल्या सर प्रतापसिंहांनी एक पिढीच्या पिढी घोड्यावर घडवली होती. त्यांचे मुलगे रावराजा हणूतसिंह आणि अभयसिंह मानसिंहांच्या संघात आले. चौथे बारिया संस्थानचे पृथ्वीसिंह. मला विचाराल तर मानसिंहांचं खरं कसब इथं दिसतं. स्वतः राजा असून त्यांनी आपल्यापेक्षा जाणते खेळाडू संघात घेतले. हणूतसिंह तर घोडा तयार करण्यात इतके वाकबगार, की कच्च्या घोड्याला चेंडूच्या रेषेत पळायला कसं शिकवायचं हे त्यांच्याकडून शिकावं. आपल्याकडं पुढारी संघ काढतो आणि कप्तान स्वतःच्या भाच्याला करतो. तिथं तसं झालं नाही.

1933 साली हा संघ विलायतेला गेला. घोडे, मोतद्दार, सगळा लवाजमा बोटीनं. त्या हंगामात इंग्लंडमधल्या सगळ्या मोठ्या खुल्या स्पर्धा जयपूरनं जिंकल्या. इंग्रजांचं राज्य आपल्यावर होतं, आणि त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच राजाराणीसमोर चार भारतीय घोडेस्वार त्यांना हरवत होते. भारतातही दुसऱ्या महायुद्धापर्यंत जयपूरच्या संघाचा दबदबा होता.

इथं एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. ही पागा कशावर उभी होती? शेतकऱ्यांच्या साऱ्यावर. जयपूरच्या वाळूत बाजरी पिकवणाऱ्या कुणब्याला पोलोचं मैदान आतून बघायलाही मिळालं नसेल. राजानं शाळा, दवाखाने, रस्ते केले हे खरं, जयपूरचं मोठं सरकारी रुग्णालय आजही त्यांच्याच नावानं आहे. पण घोड्यांचा खर्च कुणाच्या घामातून निघत होता हे शेती करणाऱ्या माणसानं विसरू नये.

आता मराठी धागा. 1931 मध्ये पोलो खेळायला मानसिंह कलकत्त्याला गेले आणि कूचबिहारच्या राजघराण्याच्या बंगल्यावर उतरले. घरधनीण होत्या इंदिराराजे, म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची लेक. याच इंदिराराजेंनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न स्वतः मोडून कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं होतं. त्या काळात केवढी बोंब झाली असेल, विचार करा. त्यांची मुलगी गायत्रीदेवी तेव्हा बारा वर्षांची. ती या पोलोपटूवर भाळली. 1940 मध्ये दोघांचं लग्न झालं. मानसिंहांच्या दोन राण्या आधीच होत्या, त्यामुळं दोन्हीकडच्या थोरांना हे फारसं रुचलं नव्हतं. हीच गायत्रीदेवी पुढं 1962 मध्ये प्रचंड मतांनी लोकसभेवर निवडून आली.

स्वातंत्र्य आलं आणि संस्थानं गेली. 1949 मध्ये राजस्थान राज्य झालं, मानसिंह त्याचे राजप्रमुख झाले, 1956 पर्यंत राहिले. पण पोलोचं कंबरडं मोडलं. संस्थानांच्या पागा रिकाम्या झाल्या, घोडे विकले गेले, मोतद्दार आणि नालबंद बेकार झाले. लष्करातही घोड्यांच्या जागी रणगाडे आले होते. राजा नाही, पागा नाही, मग खेळाडू येणार कुठून?

यातून वाट निघाली ती लष्करातून. संस्थानांच्या घोडदळातले उरलेले स्वार आणि घोडे एकत्र करून 1953 मध्ये एक नवी रेजिमेंट उभी केली, तिचं नाव पुढं एकसष्टावी कॅव्हलरी पडलं. ती उभी राहिली ग्वाल्हेरात, शिंद्यांच्या गावी. शिंद्यांचे ग्वाल्हेर लान्सर्स तिच्यात आले, मानसिंहांचं जयपूरचं कछवा हॉर्स आलं, म्हैसूरचे लान्सर्स आले. पुढं तिचं ठाणं जयपूरला झालं. या रेजिमेंटमध्ये राजपूत, कायमखानी आणि मराठा अशा तिघांची भरती होत आली आहे. म्हणजे पूर्वी ज्याच्या घरी पागा त्यानंच खेळायचं, तिथं आता शेतकऱ्याच्या पोराला सरकारी घोडा, सरकारी दाणावैरण आणि शिकवणारा उस्ताद मिळू लागला. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये घोडेस्वारीत सुवर्णपदक जिंकणारे रघुबीरसिंह याच रेजिमेंटचे, हुद्दा दफेदार. राजघराण्यातले नव्हेत.

मानसिंह आणि हणूतसिंह यांनी या काळात खेळ सोडला नाही. जयपूरचं मैदान जागतं ठेवलं, तिथं हंगाम भरत राहिला. रामबाग हा स्वतःचा राहता राजवाडा मानसिंहांनी 1957 च्या सुमारास हॉटेलासाठी दिला. लोक हसले म्हणे, राजा खानावळ काढतो म्हणून. पण काळ ओळखणारा माणूस होता. त्याच वर्षी फ्रान्समध्ये दोव्हिल इथं पोलोची जागतिक स्पर्धा झाली. कप्तान मानसिंह, वय पंचेचाळीसच्या घरात. हणूतसिंह तर त्यांच्याहून मोठे, पन्नाशी ओलांडलेले. सोबत हणूतसिंहांचा मुलगा विजयसिंह आणि किशनसिंह. भारतानं ती स्पर्धा जिंकली. दहा वर्षांपूर्वी ज्या देशातला पोलो मेला असं लोक म्हणत होते, त्या देशानं!

सरकारनंही मग या खेळाची दखल घेतली. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच यादीत पोलोसाठी प्रेमसिंह होते. पुढं किशनसिंह आणि हणूतसिंह यांनाही तो मिळाला.

मानसिंह राज्यसभेवर गेले, नंतर स्पेनमध्ये भारताचे राजदूत झाले. घोडा मात्र सुटला नाही. दरवर्षी उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या पोलोच्या हंगामाला ते जात. घोड्यावरून पडणं, हाडं मोडणं, पुन्हा बसणं हे आयुष्यभर चाललं होतं. 24 जून 1970 रोजी सायरेन्सेस्टर इथल्या पोलोच्या मैदानावर ते कोसळले आणि गेले. वय सत्तावन्न. मृतदेह जयपूरला आणला तेव्हा अंत्ययात्रेला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी होती.

थोरला मुलगा भवानीसिंह लष्करात होता. वडील गेल्यानंतर पुढच्याच वर्षी, 1971 च्या युद्धात, त्यानं पॅराशूट रेजिमेंटच्या जवानांना घेऊन पाकिस्तानात चाचरोपर्यंत धडक मारली आणि महावीरचक्र मिळवलं. हणूतसिंह 1982 पर्यंत जगले. जयपूरच्या मैदानावर हिवाळ्यात अजून सामने होतात, आणि एकसष्टाव्या कॅव्हलरीचे स्वार 26 जानेवारीच्या संचलनात दिल्लीच्या रस्त्यावरून जातात.