जानकी अम्मल : उसाच्या मळ्यातून अरण्याकडे

मलबारातील तेल्लिचेरी येथे १८९७ साली जन्मलेल्या डॉ. जानकी अम्मल यांनी कोइमतूर येथे ऊस आणि मका यांचा संकर घडविला. पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून १९५१ मध्ये त्या इंग्लंडहून मायदेशी परतल्या. प्रयोगशाळेत रमलेली ही विदुषी उतारवयात सायलेंट व्हॅलीच्या रक्षणासाठी उभी राहिली. पालक्काड जिल्ह्यातील या सदाहरित अरण्याचा काही भाग जलविद्युत धरणाखाली बुडणार होता. तेथील वनस्पतींच्या गुणसूत्रांची नोंद त्यांनी हाती घेतली. परंतु केवळ नोंदींनी वनस्पती वाचत नाहीत. दाट सावली, ओल आणि परागण करणारे कीटक यांवाचून तेथील ऑर्किड एखाद्या उद्यानात किती काळ तगणार? अरण्य अखंड राखणे हाच खरा उपाय होता. १९८३ मध्ये प्रकल्प रद्द झाला. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्या निवर्तल्या. राष्ट्रीय उद्यानाची घोषणा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झाली.