फॉर्सिथची गोल गोळी

पचमढीला जाऊन आलेल्या नागपूरकराला बायसन लॉज ठाऊक असतोच. पिपरियाला उतरायचे, घाट चढायचा, जटाशंकर, पांडव गुंफा, धूपगड उरकायचे आणि सवड मिळाली तर या जुन्या बंगल्याकडे चक्कर टाकायची, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा कार्यक्रम. तिथला गाइड ठरलेल्या सुरात सांगतो की कॅप्टन फॉर्सिथने १८५७ साली पचमढी शोधून काढली. यातली एक गोष्ट चुकीची आणि दुसरी गमतीची आहे. जेम्स फॉर्सिथचा जन्म १८३८चा. म्हणजे सत्तावनच्या साली तो एकोणीस वर्षांचा पोरगा होता. त्याची पचमढीची स्वारी झाली ती १८६२ मध्ये. आणि शोधून काढली म्हणजे काय? खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडच्या महादेवाला जाणाऱ्या वैदर्भीय यात्रेकरूंना पचमढीचा डोंगर कुणी इंग्रजाने दाखवावा लागला नव्हता. कोरकू आणि गोंड तर तिथेच राहत होते.

तरीही हा माणूस आपल्या भागाच्या इतिहासात मोठा आहे. अवघे तेहतीस वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्यात त्याने दोन पुस्तके लिहिली. दुसरे, मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे, आजही छापले जाते आणि वाघांवर लिहिणारा प्रत्येक जण ते चाळतो. पहिल्याकडे कुणी फिरकत नाही. ते आहे शिकारी बंदूक आणि तिच्या गोळीबद्दल. माझ्या घरात बंदूक नाही, असावी असे कधी वाटलेही नाही. पण हे पहिले पुस्तक समजून घेतल्यावर मला दुसऱ्यातला फॉर्सिथ अधिक कळला, म्हणून आज त्याच्या गोळीबद्दलच लिहितो.

आधी काळ लक्षात घेऊ. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये नागपूर राजधानी धरून मध्य प्रांत तयार झाला आणि पुढच्याच वर्षी रिचर्ड टेंपल इथे कारभार पाहायला आला. या प्रांतात नेमके काय आहे, हे सरकारलाच धड माहीत नव्हते. रेल्वे येऊ घातली होती, तिला स्लीपरसाठी साग आणि साल हवा होता. ठेकेदारांनी जंगले आधीच ओरबाडली होती. तेव्हा उरलेले राखावे म्हणून वनखाते उभे राहिले. विद्यापीठाची एम.ए. पदवी घेऊन हिंदुस्थानात आलेला, वयाची पंचविशीही न गाठलेला फॉर्सिथ या खात्यात लागला आणि १८६२ ते १८६४ या काळात नर्मदेच्या खोऱ्यापासून अमरकंटक, छत्तीसगडपर्यंत प्रांत पालथा घातला.

अशा माणसाजवळ बंदूक ही चैनीची वस्तू नव्हती. वाटेत वाघ, अस्वल, रानरेडा आणि रानगवा होता. गव्याचा मोठा नर आठशे ते हजार किलोपर्यंत भरतो. प्रश्न असा होता की त्याच्यासाठी गोळी कोणती निवडायची.

त्या काळची नवलाई होती लष्करी एन्फिल्ड रायफल. होय, सत्तावनच्या काडतुसांचे प्रकरण ज्या बंदुकीमुळे पेटले तीच. नळीत आतून आटे पाडलेले, त्यामुळे लांबट, टोकदार गोळी गरगर फिरत सरळ जायची आणि दूरचा शत्रू टिपायची. विलायतेतल्या तज्ज्ञांचा कल लांब गोळीकडे होता. फॉर्सिथने मात्र ठासून उलटे सांगितले की हिंदुस्थानच्या जंगलात मोठ्या जनावरासाठी जुनी गोल गोळीच बरी, फक्त नळी वेगळी करा.

त्याचे म्हणणे घरगुती हिशेबाने समजते. कोणतीही वस्तू पाव सेकंदात सुमारे एक फूट खाली पडते. त्या वेळची लांबट गोळी सेकंदाला हजार-अकराशे फुटांच्या आसपास जायची, म्हणजे शंभर याराला पोचता पोचता पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ घ्यायची. तेवढ्यात ती फूटभराहून अधिक खाली आलेली असायची. मैदानात उभ्या शिपायाला माशीची पट्टी वर-खाली करायला सवड असते. सातपुड्यातल्या गवतात गवा क्षणभर दिसतो. तो सत्तर याराला आहे की एकशेदहा, हे कोण मोजणार? अंदाज चुकला तर गोळी काळजाऐवजी पायात किंवा पोटात.

गोळी जास्त वेगाने सोडायची तर दारू जास्त भरली पाहिजे. पण आट्यांचा पीळ घट्ट असला आणि दारू जास्त झाली की शिशाची मऊ गोळी आटे सोडून तशीच घसरत बाहेर पडते. फॉर्सिथने यावर तोड काढली. गोल गोळीला सरळ जाण्यासाठी फारसे फिरावे लागत नाही, तेव्हा पीळ अगदी सैल ठेवा. आठ फुटांहून जास्त लांबीत एक फेरा, म्हणजे हातभर लांब नळीत पाव फेराही नाही. आटे उथळ ठेवा. मग दारू भरपूर भरता येते. गोळी वेगाने, जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि रुंद असल्यामुळे जबरदस्त तडाखा देते. दीडशे यारांच्या पुढे तिचा जोर ओसरतो, हे त्याला मान्य होते. पण रानात तेवढ्या लांबून नेम धरतो कोण?

बोअर हा शब्द आपण ऐकलेला असतो. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक बारा बोअरची. वजन सुमारे ३८ ग्रॅम. सोन्याच्या भाषेत सांगायचे तर सव्वातीन तोळे. ठासणीच्या दुनळी बंदुकीतून एवढा ऐवज खांद्याला दणका देऊनच बाहेर पडत असणार.

पुढच्या तीस वर्षांत मात्र जग बदलले. बिनधुराची दारू आली. तांब्या-निकेलच्या कवचातल्या गोळ्या आल्या, त्यामुळे शिसे आटे सोडण्याची भीती गेली. १८९४ मध्ये स्वीडन आणि नॉर्वेने मिळून आपल्या फौजांसाठी साडेसहा मिलिमीटरचे काडतूस स्वीकारले. त्याची मूळ गोळी जेमतेम दहा ग्रॅमची, पुरता तोळाही नाही! पण लांबी जाडीच्या चौपटीहून जास्त, पीळ अत्यंत घट्ट, दर आठ इंचाला एक फेरा, आणि वेग सेकंदाला २३०० फुटांच्या वर. शंभर यारांत ती तीन-चार इंचच खाली येते. फॉर्सिथने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीच्या उलट असलेली ही गोळी. तरी स्वीडनचे शिकारी तिनेच चार-पाचशे किलोचा मूस, म्हणजे सांबराचा आडदांड चुलता, आजतागायत मारत आले आहेत. बारीक आणि लांब असल्यामुळे ती खोल शिरते, बंदुकीचा धक्का कमी बसतो, आणि धक्क्याला न घाबरणारा माणूस नेम नीट धरतो.

मग फॉर्सिथ खोटा ठरला का? मला तसे वाटत नाही. त्याने सैल पिळाचा आग्रह धरला तो त्याच्या हातातल्या काळ्या दारूसाठी आणि मऊ शिशासाठी. त्याचा खरा आग्रह होता की गोळी निवडताना आधी जनावर आणि अंतर पाहा, फॅशन पाहू नका. स्वीडिश काडतुसाची निवड करणारा जाणता शिकारीही हेच पाहतो. तिथे कायद्यानेच असे बंधन आहे की मोठ्या जनावरावर गोळी झाडली तर माग काढणारे शिकवलेले कुत्रे दोन तासांच्या आत जागेवर आणता आले पाहिजे. जखमी जनावर तसेच सोडून घरी जायचे नाही. फॉर्सिथपाशी त्या कुत्र्याच्या जागी गोंड आणि कोरकू मागकरी होते. वाळलेल्या पानावरचा रक्ताचा ठिपका पाहून जनावर कुठे लागले ते ओळखणारी ही माणसे. त्यांच्या या विद्येबद्दल त्याने मनापासून लिहिले आहे.

आफ्रिकेत बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने अशाच बारीक गोळ्यांनी शेकडो हत्ती पाडले, त्याचे दाखले अजून दिले जातात. बेलला हत्तीच्या कवटीतली मेंदूची जागा पाठ होती, हे मात्र सांगायचे राहून जाते.

फॉर्सिथचे सगळेच मला पटते असे नाही. गोळीच्या पोटात स्फोटक भरण्याच्या प्रयोगातही त्याने डोके घातले होते. आणि जंगल राखायचे म्हणून डोंगरउतारावरची दह्याची शेती बंद करायला निघालेल्या खात्याचा तो माणूस. ज्यांच्या मागावर तो गव्यापर्यंत पोचला त्यांच्याच पोटावर त्या धोरणाचा पाय पडला. पचमढीला बंगला बांधताना तिथल्या ठाकुरांनी विरोध केला तो उगीच नाही. बांधकाम अखेर पुरे झाले आणि गव्यांवरूनच त्याचे नाव बायसन लॉज पडले. लगतचे बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव झाले, देशातले पहिले.

पण याच माणसाला गोंडांच्या लिंगोची कथा इतकी भावली की त्याने ती इंग्रजी पद्यात बसवली. ती मुळात जमवली होती नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपने, ज्याच्या नावाचे कॉलेज आपल्याकडे आहे. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटाकडून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाला आणि त्याचे कागद टेंपलने छापून घेतले. वाघाबद्दलही फॉर्सिथने काळाच्या पुढचा विचार मांडला. गुरे मारणारा वाघ वेगळा आणि रानातल्या हरणा-डुकरांवर जगणारा वेगळा, हा दुसरा शेतकऱ्याचा मित्रच, असे त्याचे मत होते. आणि हे तो सरकार वाघामागे इनाम देत होते तेव्हा लिहीत होता.

पुढे तो निमाडचा डेप्युटी कमिशनर झाला. १ मे १८७१ रोजी त्याचे निधन झाले आणि डोंगराळ मुलखावरचे पुस्तक त्याच्या मागे प्रसिद्ध झाले.

त्यानंतर शंभर वर्षे या रानांत बंदुका वाजतच राहिल्या. स्वातंत्र्यानंतर नागपुरातून परदेशी पाहुण्यांच्या शिकारी सफारी निघत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते थांबले. बांधवगडमधले गवे नव्वदच्या दशकात पार नाहीसे झाले होते. २०११ आणि २०१२च्या जानेवारीत कान्हातून पन्नास गवे तिथे नेऊन सोडले. त्यासाठीही आधी नेम धरावा लागला, भुलीच्या डार्टचा. जनावर केवढे, अंतर किती, डार्ट किती जोराने सोडायचा, औषध किती भरायचे, हे सगळे ठरवूनच. फक्त इथे वेग मुद्दाम कमी ठेवतात. सुई पुठ्ठ्याच्या मांसल भागात रुतली पाहिजे, हाड फुटता कामा नये. गवा काही मिनिटांत बसतो, त्याचे डोळे बांधतात, स्ट्रेचरवर घालून ट्रकमध्ये चढवतात आणि उतारा टोचला की तो पुन्हा उभा राहतो.